घोडी, खोगीर आणि तारेचा सूर



या सदरात आतापर्यंत मिक्सर उघडून झाला, पंख्याचा रेग्युलेटर उघडून झाला, राऊटरचीही चिरफाड झाली. या वेळी पाळी इलेक्ट्रिक गिटारची.

गिटारच्या ब्रिजवर ज्या छोट्या धातूच्या ठोकळीवरून तार जाते तिला सॅडल म्हणतात. सॅडल म्हणजे खोगीर. आपल्याकडे तंबोऱ्याच्या आणि सतारीच्या ब्रिजला घोडी म्हणतात. तिकडे खोगीर, इकडे घोडी, आणि दोन्हीकडे स्वार तीच, तार. दोन वेगळ्या मुलुखांतल्या कारागिरांना एकाच जागेवर घोडा आठवावा, याची मला फार मजा वाटते.

निमित्त माझ्या भाचीचं. ती दहावीत आहे, तीन वर्षं गिटार शिकते आहे. तिला कोणीतरी सांगितलं की सॅडल बदलल्या की साधी गिटारसुद्धा महागड्या गिटारसारखी वाजते. सहा पितळी सॅडलचा बरा सेट घ्यायचा तर दोन-तीन हजार रुपये सहज जातात. ताईने मला फोन करून सरळ विचारलं, "आवाज खरंच बदलतो, की नुसती खोगीरभरती आहे? इंजिनियर आहेस ना, मग सांग."

प्रश्न एकट्या ताईचा नाही. काचीगुडा, बरकतपुरा, कुतबीगुडा या आपल्या भागातल्या कितीतरी घरांत हल्ली भिंतीवर गिटार लटकलेली असते आणि कपाटावर गवसणीत तंबोरा आडवा पडलेला असतो. गिटारवर खर्च होतो. तंबोऱ्याची गवसणी दिवाळीच्या साफसफाईला झटकली जाते. या दोन वाद्यांचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, आणि तो नेमका त्या घोडीवरच आहे.

सॅडलची कामं तीन

तार एका टोकाला खुंटीवर गुंडाळलेली असते, दुसऱ्या टोकाला ब्रिजमध्ये अडकवलेली. पण वाजते ती सगळी नाही. डोक्याकडचा नट आणि ब्रिजवरची सॅडल या दोन टेकूंच्या मधली तेवढीच वाजते. स्ट्रॅटोकास्टर जातीच्या गिटारवर हे अंतर ६४८ मिलिमीटर, म्हणजे साडेपंचवीस इंच असतं. फ्रेटवर बोट दाबलं की नटाचा कारभार संपतो आणि त्या फ्रेटपासून पुढची तार वाजू लागते. सॅडलला मात्र कधीच सुट्टी नाही. मोकळी तार असो की बाराव्या फ्रेटवरचा सूर असो, एक टोक कायम तिच्यावरच टेकलेलं. म्हणून नट बदलला तर फरक मोकळ्या तारांपुरता पडतो. सॅडल बदलली तर जो काही फरक पडेल तो प्रत्येक सुरात पडतो.

तिची कामं तीन. पहिलं, तारेची उंची ठरवणं. दुसरं, तारेची लांबी केसभर कमी-जास्त करणं, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागतो. तिसरं, तारेला पक्का टेकू देणं. पहिली दोन कामं स्क्रू फिरवून होतात. तिसरं काम सॅडल कशाची आहे आणि तारेखाली तिचा आकार कसा आहे यावर अवलंबून असतं. सगळा वाद या तिसऱ्या कामाचा आहे.

थोडा इतिहास. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्याच्या टेलिकास्टरवर सुरुवातीला सहा तारांना मिळून तीनच पितळी सॅडल होत्या, दोन तारांत एक. जाड तारेला लांबी थोडी जास्त लागते, बारीक तारेला कमी. एका सॅडलवर दोघी बसल्या की तडजोड आलीच, एकत्र कुटुंबातल्या एका बाथरूमसारखी. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरवर त्याने प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल दिली, वाकवलेल्या पोलादी पत्र्याची. त्याच सुमारास गिब्सन कंपनीच्या ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजवरही प्रत्येक तारेची वेगळी सॅडल आली. १९६० च्या दशकात गिब्सनने काही गिटारींवर चक्क नायलॉनच्या सॅडलही वापरल्या. म्हणजे पितळ, पोलाद, जस्ताचं मिश्रण, नायलॉन हे सगळे प्रयोग जुने आहेत. आताच्या दुकानात त्यात टायटॅनियमची आणि ग्राफाइटसारख्या घसरड्या प्लास्टिकची भर पडली आहे, इतकंच.

तार, भिंत आणि चक्रवाढ व्याज

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वर पोलादी तार थरथरली की त्या गुंडाळीत वीज निर्माण होते आणि तीच पुढे ॲम्प्लिफायरला जाते. पिकअपला लाकडाचा आवाज ऐकू येत नाही, पितळाचाही येत नाही. त्याला फक्त तारेची हालचाल कळते. मग सॅडल आवाज कसा बदलणार? तारेची हालचाल बदलूनच.

आपण तार छेडतो तेव्हा तारेवर एक लहर धावते. ती सॅडलवर आपटते, परतते, दुसऱ्या टोकावर आपटते, पुन्हा येते. कॅरमचा स्ट्रायकर आठवा. कडेची पट्टी टणक आणि घट्ट असेल तर स्ट्रायकर जोरात परततो, सैल असेल तर मेल्यासारखा. सॅडल म्हणजे तारेच्या कॅरमची कड. टणक आणि जड सॅडल जवळजवळ सगळी लहर परत पाठवते. मऊ किंवा सैल सॅडल थोडी लहर गिळते, आणि गिळताना आधी बारीक, झणझणीत, उंच स्वर गिळते. म्हणून नायलॉनवर आवाज गोलसर वाटतो आणि पोलादावर धारदार.

हा फरक एका धडकेत नगण्य असतो. पण धडका किती होतात बघा. गिटारची सर्वांत जाड मोकळी तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंपन पावते, म्हणजे लहर सॅडलवर सेकंदाला ८२ वेळा येऊन आपटते. समजा, दर धडकेला एक टक्का ऊर्जा गेली, तर एका सेकंदानंतर सुमारे ४४ टक्के उरते. दोन टक्के गेली, तर फक्त १९. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, कोणत्या सॅडलवर मोजलेले नाहीत. मुद्दा चक्रवाढ व्याजाचा आहे. दर थोडासा बदलला की शेवटची रक्कम बरीच बदलते. एफडीच्या दरातल्या पाव टक्क्यासाठी आपले बाबा लोक तीन बँका का फिरायचे, ते इथे कळतं.

आता धातू. एका घनसेंटिमीटरचं वजन पाहिलं तर पितळ साधारण साडेआठ ग्रॅम, पोलाद पावणेआठ, स्वस्त गिटारींवर असतं ते जस्ताचं मिश्रण साडेसहाच्या आसपास, टायटॅनियम साडेचार, नायलॉन एकपेक्षा थोडं जास्त. नायलॉन आणि पोलाद यांत मोठी दरी आहे, ती कोणालाही ऐकू येईल. पितळ आणि पोलाद यांच्यात दरी फारच अरुंद. विक्रेते मात्र पितळाला 'उबदार' आणि पोलादाला 'चमकदार' म्हणत जी विशेषणं उधळतात ती वाचून वाटतं, आपण सॅडल नाही, लग्नाचा शालू निवडतो आहोत.

आमच्या घरातली परीक्षा

सॅडल बदलायच्या तर जुन्या तारा काढाव्या लागतात. तारा काढल्याच आहेत तर सगळेजण नव्या घालतात. आणि नव्या तारा जुन्यांपेक्षा कितीतरी लख्ख वाजतात, कारण महिनाभराच्या घामाने आणि मळाने जुन्या तारा मंदावलेल्या असतात. मग माणूस गिटार हातात घेतो, छेडतो आणि म्हणतो, "वा, सॅडलने काय फरक पडला!" सॉफ्टवेअरमध्ये एकाच दिवशी दोन बदल लाइव्ह केले की कोणत्या बदलाने काय झालं ते कधीच कळत नाही. तेच इथे.

म्हणून मी भाचीला तीन रेकॉर्डिंग करायला लावली. पहिलं, जुन्या तारा आणि जुन्या सॅडल. दुसरं, नव्या तारा आणि जुन्या सॅडल. तिसरं, त्याच कंपनीच्या त्याच जाडीच्या पुन्हा नव्या तारा आणि पितळी सॅडल. पिकअपची उंची तीच, पिक तोच, छेडण्याची जागा तीच, त्यासाठी गिटारवर चिकटपट्टीची खूण. तारांची उंचीही बदलापूर्वी मोजून ठेवली आणि नंतर तेवढीच लावली. गिटार थेट लॅपटॉपला जोडली, म्हणजे काचीगुडा स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा भोंगा आत येण्याचा प्रश्न नव्हता. ट्यूबलाइट आणि पंखा मात्र बंद करावा लागला, कारण गिटारचे पिकअप त्यांची घरघर हावरटासारखी उचलतात.

मग डोळे मिटून ओळखायचा खेळ. पहिलं आणि दुसरं रेकॉर्डिंग, म्हणजे जुन्या आणि नव्या तारा, सगळ्यांनी प्रत्येक वेळी ओळखल्या. गिटारशी काही देणंघेणं नसलेल्या ताईनेही. दुसरं आणि तिसरं, म्हणजे जुनी सॅडल आणि पितळी सॅडल, हे भाचीने दहापैकी सात वेळा बरोबर ओळखलं. ती खूश झाली. मी कागद घेतला. नुसतं नाणं उडवून उत्तर दिलं तरी दहापैकी सात किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये १७६, म्हणजे साधारण सहात एक. लुडोत पहिल्याच फटक्याला सहा पडतो, तितकी. पुरावा म्हणून हे फार कच्चं आहे. तिला फरक ऐकू येत असेलही, पण तो किती बारीक आहे हे त्यावरून कळलं.

एक अपवाद निघाला, आणि खरी गोष्ट तिथे होती. चौथ्या तारेवर तिने दहापैकी दहा ओळखले. जुन्या सॅडलवर ती तार किंचित झणझणत होती, नव्यावर स्वच्छ वाजत होती. मी जुनी सॅडल भिंगाखाली धरली. वेटोळ्याच्या तारेने घासून घासून तिच्यावर एक रुंद चर पाडला होता. तार एका बिंदूवर टेकण्याऐवजी दोनेक मिलिमीटर लांबीच्या सपाट तळावर पडून होती आणि थरथरताना त्या तळावर हलकीच आपटत होती. फरक धातूचा नव्हता, आकाराचा होता. तीच जुनी सॅडल बारीक कानसीने घासून कड पुन्हा नीट केली असती तरी झणझण गेली असती.

रेकॉर्डिंग वाजत असताना आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "या तारेला जवारी लागली आहे बघ."

ती गाते, म्हणून तिला ते लगेच कळलं. गिटारवाल्यांनी ज्याला बिघाड म्हटलं, त्याला आपल्याकडे नाव आहे आणि मानही आहे.

जवारी म्हणजे घोडीवरची कला

तंबोऱ्याची घोडी गिटारच्या सॅडलसारखी धारदार नसते. ती पाटासारखी रुंद असते आणि तिचा वरचा भाग अगदी हलक्या उताराने घडवलेला असतो, इतका हलका की नजरेला सपाटच वाटावा. तार त्या उतारावर टेकते आणि थरथरताना पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा चाटत जाते. तारेच्या टेकण्याची जागा स्थिर राहत नाही, क्षणाक्षणाला मागेपुढे सरकते. त्यातून मूळ सुराच्या वरचे स्वर सतत नव्याने जागे होतात. तंबोरा छेडल्यावर आवाज एकदम फुटून विरत नाही, हळूहळू उमलत जातो, आणि कान शांत ठेवला तर एकेक वरचा स्वर ओळीने उलगडताना ऐकू येतो, तो यामुळे.

त्यात भर सुताच्या धाग्याची. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा किंवा रेशमाचा एक बारीक धागा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे केला की एका ठिकाणी तार अचानक बोलायला लागते. ज्यांच्या घरी आजी किंवा आजोबा गात, त्यांनी हे लहानपणी पाहिलं असेल. चारही तारा सुरात लागल्या तरी धागा जागेवर बसेपर्यंत मैफल सुरू होत नसे.

हे नुसतं आपलं कौतुक नाही. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात असताना भारतीय तारवाद्यांवर एक छोटा शोधनिबंध लिहिला. नोबेल त्यानंतर नऊ वर्षांनी. तारेबद्दल यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने एक जुना नियम आहे. तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे ज्या वरच्या स्वरांचा स्थिर बिंदू येतो ते स्वर त्या आवाजात असूच शकत नाहीत. हे तुम्ही गिटारवर आज संध्याकाळी करून बघू शकता. मोकळी तार नेमकी बाराव्या फ्रेटवर, म्हणजे बरोबर मध्यावर छेडा. आवाज पोकळ येतो, कारण दुसरा, चौथा, सहावा असे सगळे सम स्वर गळतात. रामन यांनी दाखवलं की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. जे स्वर नसायला हवेत ते ठणठणीत ऐकू येतात, आणि त्याचं कारण घोडीचा आकार. ज्या कारागिरांनी ही घोडी शोधली त्यांनी समीकरणं लिहिली नव्हती. त्यांनी कानस चालवली आणि ऐकलं.

मिरजेची कानस

आपल्या भागात ही कानस सर्वांत जास्त चालली ती मिरजेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिथले फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी आणि हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातले. हत्यारांचा काळ सरत चालला होता आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांकडे गाण्याला आश्रय होता. या घराण्याने तंबोरे आणि सतारी बनवायला सुरुवात केली आणि पुढे त्यांचं आडनावच सतारमेकर पडलं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ पुढे मिरजेतच राहिले, आणि वाद्यदुरुस्तीत त्यांचा स्वतःचाही हात चांगला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा-पंढरपूर भागातले भोपळे, तुणाचं लाकूड आणि मिरजेचे हात यांतून बनलेल्या तंबोऱ्यांवर देशभरचे गवई गायले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

मागच्या वर्षी आईचा तंबोरा घेऊन आम्ही मिरजेला गेलो होतो. अनेक वर्षांत घोडीवर तारांनी चर पाडले होते आणि आवाज बसला होता. कारागिराने आधी आईला विचारलं, कोणत्या पट्टीत गाता. काळी चार म्हटल्यावर मान हलवली. पट्टी बदलली की तारेचा ताण बदलतो आणि त्या ताणाला वेगळा उतार लागतो, म्हणून हा प्रश्न पहिला. मग तारा सैल केल्या, घोडीवर चार हात कानस, दोन हात पॉलिश पेपर, तारा पुन्हा चढवल्या, छेडल्या, ऐकल्या, पुन्हा सैल केल्या. दोन तास हेच. मोजपट्टी एकदाही हातात घेतली नाही. किती घासायचं हे कसं कळतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तारच सांगते. फक्त एक हात जास्त मारला की मागे येता येत नाही." आमच्या ऑफिसात कंट्रोल-झेड नावाची सोय आहे. त्यांच्याकडे नाही.

धातूचा वाद तिथेही आहे, फक्त नावं वेगळी. घोडी पूर्वी सांबरशिंगाची, हस्तिदंताची असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते दिवस गेले. आता उंटाचं हाड, आबनूस किंवा फायबर वापरतात. हाडाचा आवाज वेगळा, फायबर जास्त टिकतं, अशी चर्चा तिथेही रंगते. पण कारागीर शेवटी आकारावरच येतो. सतारीत तर जवारीवरून वादकाची ओळख पटते. रविशंकरांची जवारी खुली, खूप झंकार असलेली. विलायत खाँची बंद, गोलसर, गळ्याच्या जवळ जाणारी. वाद्य एकाच जातीचं, फरक घोडीवरच्या काही केसांच्या उताराचा.

आणि गंमत अशी की १९६७ साली अमेरिकेत व्हिन्सेंट बेल या गिटारवादकाने डॅनइलेक्ट्रो कंपनीबरोबर कोरल इलेक्ट्रिक सितार आणली. ती मुळात सहा तारांची इलेक्ट्रिक गिटारच. बाजूला तेरा तरफा लावल्या, पण सतारीचा आवाज आला तो मुख्यतः ब्रिजमुळे. धारदार सॅडलच्या जागी एक रुंद, सपाट ब्रिज बसवला आणि गिटार झणझणायला लागली. भाचीच्या चौथ्या तारेवर झिजेने जे अपघाताने झालं, ते तिथे मुद्दाम केलेलं होतं. टेकूने आवाज बदलतो का, या प्रश्नाला याहून ठसठशीत उत्तर मला माहीत नाही.

मग करायचं काय?

ताईला दिलेलं उत्तर इथे क्रमाने देतो, कारण अनेक घरांत उपयोगी पडेल.

आधी नव्या तारा घाला. अर्धी तक्रार तिथेच मिटते.

मग जुन्या सॅडल भिंगाने बघा. चर रुंद झाला आहे का, कडेला बारीक कंगोरा आला आहे का, उंचीचे स्क्रू डुलतात का? एखादी तार नेहमी सॅडलपाशीच तुटत असेल तर तो कंगोराच दोषी. अशा वेळी सॅडल बदलणं योग्य आहे, आणि साध्या पोलादी घेतल्या तरी चालतं. वारंवार तार तुटत असेल तर ग्राफाइटसारख्या घसरड्या सॅडलचा खरा उपयोग होतो.

घेण्यापूर्वी माप घ्या. दोन तारांमधलं अंतर काही गिटारींवर साडेदहा मिलिमीटर असतं, काहींवर अकराच्या थोडं वर. चुकीचा सेट एकतर बसत नाही किंवा बसून डुलतो. ॲलन की इंचाची लागते की मिलिमीटरची, हेही बघा. जवळपासच्या मापाची घुसवली की स्क्रूचं डोकं गोल होऊन बसतं.

बदलताना एका वेळी एकच सॅडल बदला, बाकीच्या पाच नमुन्याला राहू द्या. शेवटी बाराव्या फ्रेटवर तार दाबून येणारा सूर आणि तिथेच बोट नुसतं टेकवून येणारा सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरा असेल तर पुढे आणा. हे न करता नव्या सॅडल बसवणं म्हणजे नवा चष्मा नंबर न तपासता लावणं.

आणि झिजलेलं काही नसेल, सूर खरा लागत असेल, तर ते दोन-तीन हजार चांगल्या शिकवणीला द्या. बोटांनी जितका आवाज बदलतो तितका पितळाने बदलत नाही.

आता तंबोरा. गवसणी काढा. घोडीवर तारेखाली चर दिसतो का ते बघा. धागा आहे का, की कुजून गेला? नवा सुती धागा घालून तो हळूहळू सरकवून बघायला काही हरकत नाही, ते कोणालाही जमतं. पण पॉलिश पेपर घेऊन घोडी स्वतः घासू नका, यूट्यूबवर कितीही सोपं दिसलं तरी. सॅडल बिघडली तर दुसरी मिळते. ती घोडी तुमच्या आजीच्या पट्टीला बसवलेली असते.

मला एक गोष्ट खटकते. गिटारच्या आवाजात दहापैकी सात वेळा ओळखू येईल इतक्या फरकासाठी आपली पिढी आनंदाने हजारो रुपये मोजते, आणि ज्या घोडीवर एका दुपारच्या कामाने अख्खं वाद्य जिवंत होतं ती कपाटावर पडून राहते. आपण म्हणतो, मोबाइलमध्ये तंबोऱ्याचं ॲप आहे की. ॲपमध्येही कोणाच्या तरी हातची जवारीच वाजते. ज्याने ती घासली त्याच्याकडे नवं काम जात राहिलं तरच त्याच्या शेजारी बसून शिकणारा कोणी राहील. सॅडलचं माप कागदावर असतं, कारखाना ते उद्याही बनवेल. जवारीचं माप एका कानात असतं. कानातलं माप पुढे जायला दुसरा कान शेजारी बसावा लागतो, आणि तो काम असेल तरच बसतो.

म्हणून एक सुचवणं. ज्यांच्याकडे बंद पडलेले तंबोरे असतील त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नुसती नोंद करावी. आठ-दहा वाद्यं झाली तर ती एकदम मिरजेला पाठवता येतील किंवा कारागिराला चार दिवस इकडे बोलावता येईल. प्रवासखर्च वाटून घेतला तर जड जाणार नाही. मुलांनी त्या वेळी गिटार घेऊन यावं. खोगीर आणि घोडी शेजारी शेजारी ठेवून ऐकण्यासारखी संधी रोज येत नाही.

पुढच्या अंकात इन्व्हर्टरची बॅटरी उघडू. म्हणजे, उघडायची नाही, फक्त समजून घ्यायची. तोवर सूर सांभाळा.